हाताची घडी

‘बहुत अच्छी बच्ची है आपकी,’ मॅडम म्हणाल्या, आणि अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं हर्षदीपला छातीत काहीतरी चुकल्यासारखं झालं. वाक्य तर चांगलंच होतं. दुसऱ्यांच्या पोरांच्या आयबापांना तो हे वाक्य गेली कितीतरी वर्षं, बहुतेक वेळा खोटंच, ऐकवत आला होता. स्वतःच्या पोरीबद्दल ते कुणी म्हणेल ही आशा मात्र त्यानं केव्हाच सोडली होती. आता ते मिळालं होतं, आणि दुसऱ्याच्या नावाचं पार्सल चुकून हाती आल्यासारखा तो ते घेऊन आदिलाबादच्या बसस्टँडवर जैनथच्या गाडीत बसला होता. खिडकीशी भाग्यश्री, मध्ये अर्पिता, कडेला तो. ड्रायव्हरच्या मागची पहिलीच सीट, समोर लोखंडी दांडा. सहा वर्षांची अर्पिता इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये ताठ बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. दवाखान्यात मॅडमच्या खोलीत बसली होती अगदी तशीच. जिना उतरताना त्यानं तिला उचललं तेव्हाही घडी सुटली नव्हती, आणि तो मनात म्हणाला होता, बरं आहे, रस्त्यावर हात झटकत चालत नाही.

हात झटकणं हीच तर सुरुवात होती. पाण्यातून हात काढून माणूस झटकतो तशी अर्पिता कोरडेच हात झटकायची. खूश झाली की झटकायची, घाबरली की झटकायची, काही झालं नाही तरी झटकायची. चालायची चवड्यांवर. कुकरची शिट्टी झाली की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायची. चमचा तिच्या हातात थांबत नसे, गुंडी तिला लागत नसे, आणि आख्ख्या दिवसात ती चार शब्द बोलली तर भाग्यश्री ऑफिसातल्या मैत्रिणींना ते चारही शब्द सांगायची. भाग्यश्री एका सरकारी कचेरीत ज्युनिअर असिस्टंट होती. लोकांची कामं अडून पडलेली बघायची तिला सवय होती, पण स्वतःचं अडलं की कुणाच्या टेबलाशी जायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मुलांच्या डॉक्टरनं आधी ‘होईल’ असं सांगितलं. वर्षभर काही झालं नाही, तेव्हा म्हणाला, ‘हिला ओटी पाहिजे.’ ते ज्या दवाखान्यात विचारायला गेले तिथल्या वॉचमननं ओटी म्हणताच त्यांना सरळ ऑपरेशन थिएटरच्या बाकावर नेऊन बसवलं. अपेंडिक्सच्या पेशंटच्या नातेवाइकांमध्ये ते दुपारपर्यंत बसून होते. एका म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, ‘एवढ्याशा लेकराचं काय कापून राह्यले, सर?’ आणि हर्षदीपनं, काही तरी सांगायला हवं म्हणून, ‘टॉन्सिल’ असं सांगितलं होतं.

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हे नंतर कळलं. लहान मुलांना हात, बोटं, कान, कातडी वापरायला शिकवणारा माणूस. तो शिकवायचा त्या शाळेत सांगितल्यावर त्याच्याबरोबरचा मास्तर भूषण म्हणाला, ‘म्हंजे आपलंच काम की सर. आपुन बी हेच करून राह्यलो. फरक इतकाच का त्याईच्या पोराईले येते.’ भूषण असाच बोलायचा, आणि त्याचं पुष्कळदा खरं असे. त्यांची शाळा मराठी माध्यमाची, पण पैनगंगेच्या अलीकडची, तेलंगणातली. पटावरची पोरं दर वर्षी तेलुगू आणि इंग्रजीकडे गळत होती, आणि हे दोघे उरलेल्यांना असं मन लावून शिकवत होते की जणू पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात गेलं की त्यांच्यासाठी कुणी हारतुरे घेऊन उभं असणार. मंचेरियलला असा एक ओटी मिळाला. बोर्डावर मुलाचं चित्र होतं, आत गुडघेदुखीची म्हातारी माणसं. त्यानं अर्पिताच्या मनगटांना पट्टे बांधून झिणझिण्या देणारं यंत्र लावलं. ती परतीच्या रस्त्याला लक्सेट्टीपेटपर्यंत ओरडत होती. मग कुणी तरी म्हणालं, लाकडी खेळण्यांनी बोटं वळतात, म्हणून निर्मलहून लाकडाची फळं आणली. पपई, सीताफळ, आंबा. अर्पितानं प्रत्येकाचा वास घेतला, ती उंबऱ्यावर रांगेनं मांडली आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. भागीरथा, म्हणजे हर्षदीपची आई, पुढे कितीतरी दिवस त्या पपईवरून अडखळत होती.

गाडी सुरू झाली नव्हती. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी तेलुगूत भांडत होता. भाग्यश्री खिडकीबाहेर बघत होती. दवाखान्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि न बोलण्यात ती किती तरबेज आहे हे हर्षदीपला लग्नापासून माहीत होतं. त्यानं शेंगदाण्याची पुडी घेतली, तिच्यापुढे धरली. तिनं बघितलं नाही. त्यानं एकेक दाणा सोलून स्वतःच खाल्ला. दाणे भाजताना लागले होते. मॅडमच्या खोलीला कसला तरी नव्या रबराचा वास होता, तो अजून नाकात होता. हैदराबादहून महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या ओटी मॅडमची वेळ मिळावी म्हणून त्यानं किती फोन केले असतील. शेवटी फोनवरची मुलगी कंटाळून म्हणाली होती, ‘आओ सर, मगर मॅडम सब को नहीं लेते. पहले दिन देख के सेलेक्ट करते. तीन-चार बच्चे ही रेगुलर लेते.’

सेलेक्ट. त्या शब्दानंच घात केला, असं आता तो मनाशी म्हणत होता. शब्दाचा तसा काही दोष नव्हता. पण त्यांच्या घरात हा शब्द उंबऱ्यावरच्या पाण्यासारखा होता, पाय लावल्याशिवाय आत कुणी आलंच नव्हतं. हर्षदीप हॉस्टेलला सेलेक्ट झाला म्हणून शाळेत गेला, ट्रेनिंगला सेलेक्ट झाला म्हणून मास्तर झाला. भाग्यश्रीचंही तेच. कापूस वेचणाऱ्यांच्या घरातून खुर्चीपर्यंत यायला एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर जागोजागी कुणी तरी बसून निवडत होतं. निवडताना चांगलं तेच निवडतात. याहून वेगळं काही जगात असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. फोन ठेवला त्याच संध्याकाळी त्यानं अर्पिताला समोर बसवलं.

‘अवो,’ भाग्यश्री म्हणाली होती, ‘दवाखान्यात जाऊन राह्यलो आपण. नवोदयच्या परीक्षेले नाई.’

‘निवड ते निवड अस्ते,’ तो म्हणाला. ‘थे मॅडम एकच खेप पाह्यणार. तितल्या वेळात हिनं हातच झटकत राह्यले त कोन घेईल हिले?’

तीही निवडून आलेलीच होती. जायच्या आदल्या संध्याकाळी फ्रॉकला इस्त्री तिनंच केली.

आणि गंमत म्हणजे अर्पिता शिकली. चमचा धरायला शिकली नव्हती, गुंडी लावायला शिकली नव्हती, ‘आई’ म्हणायला शिकली होती आणि विसरली होती. पण हाताची घडी, तोंडावर बोट ती शिकली. तो समोर बसायचा, गुळाचा खडा तळहातावर ठेवायचा, म्हणायचा, ‘हाताची घडी.’ हात झटकले की खडा मागे. नुसतं ‘हं’ म्हणून घसा खाकरायचा. मग ते पाखरासारखे हात हळूहळू खाली यायचे, एकात एक शिरायचे, बोट ओठावर जायचं. पहिल्यांदा ती तशी बसली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत त्यानं शिकवलेलं इतकं पक्कं कुणालाच बसलं नव्हतं. पुढे पुढे त्याला नुसतं खाकरावं लागायचं. ती जेवणापर्यंत तशी बसायची, जेवण भरवतानाही घडीतच, आणि घडीतच झोपायची. भागीरथा तिच्या बाजूला निजून झोपेत तिचे हात एकेक करून सोडवायची. ‘लेकरू थंडं पडून राह्यलं बापा,’ म्हातारी म्हणायची. ‘काऊन असं बसवता तिले? पुतळा करता का?’ ‘माय, तुले नाई समजत,’ तो म्हणायचा. शाळेतली पोरं तर तो अशी रोजच बसवत होता, आणि त्यांना काही झालेलं त्याच्या पाहण्यात नव्हतं. निदान त्यांच्यापैकी कुणी येऊन तसं सांगितलं नव्हतं.

शाळेत तो तिला कधी कधी सोबत नेई. सगळी पोरं घडीत, ती एकटी दाराशी हात झटकत. पण सुटायची वेळ झाली की खिचडी करणारी सोनाबाई चिंचेला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी कांब हाणायची, टण टण टण, आणि कुकरच्या शिट्टीला डोकं आपटणारी अर्पिता त्या आवाजाला हसायची. पोरं उधळायची, तीही त्यांच्यात घुसायची, चवड्यांवर, दोन्ही हात वर झटकत. त्या गर्दीत तिचं काही वेगळं दिसत नसे. तेवढा वेळ हर्षदीप व्हरांड्यात उभा राहून तिच्याकडे बघायचा. सोनाबाई म्हणायची, ‘सर, अजून ठोकू का? पोरगी खेळून राह्यली.’ तो म्हणायचा, ‘नको, लोकं हसतील. सुट्टी एकदाच होते.’

गाडी हलली. कंडक्टर भांडण अर्धवट टाकून चढला, तिकिटं फाडू लागला. शहर मागं पडायला वेळ लागत होता. हंगाम कापसाचा, रस्ताभर ट्रॅक्टर, बैलबंड्या, जिनिंगच्या फाटकांसमोर रांगा, आणि हवेत बारीक तंतू उडत होते. अर्पिताच्या केसांवर एक येऊन बसला. तो काढायला त्यानं हात पुढे केला, तर तिचे डोळे मिटले. मार चुकवताना मिटतात तसे. त्यानं तिला कधी मारलं नव्हतं. त्यानं हात मागे घेतला. तंतू तिथंच राहिला.

आणि का कोण जाणे, त्याला वडील आठवले. देवाजी. एका पाटलाकडे सालदार. देवाजींची एक रीत होती: कुणाही सायबापुढे जायचं तर आंघोळ करून, धोतर धुऊन, केसांना तेल लावून. हर्षदीप लहान असताना त्यांच्या वस्तीला पाण्याचा हातपंप हवा होता. पंप होता तो पाटलांच्या गल्लीत, आणि तिथं यांच्या बायका कळशी घेऊन दुपार दुपार उभ्या राहायच्या, कुणाच्या मनात आलं तर वरून कुणी तरी ओतायचं. तक्रार गेली. तपासायला तहसिलीतला साहेब, गिर्दावर, आला, जीपमधून, रुमालानं मान पुसत. सगळी वस्ती धुतलेल्या कपड्यांत उभी. तोही होता, वडलांचं बोट धरून. गिर्दावरनं देवाजींनाच विचारलं, ‘क्यों, पानी मिलता है ना? कुछ तकलीफ?’ आणि देवाजी कमरेत वाकून म्हणाले, ‘नाई सायब. समदं बरं हाय.’ गिर्दावर खूश झाला. चांगली माणसं आहेत म्हणाला. पंप दुसऱ्या गावी गेला. त्या रात्री भागीरथा देवाजींना काय काय बोलली ते त्याला आठवत नव्हतं, पण देवाजींचं उत्तर आठवत होतं: ‘सायबापुढं तोंड वाकडं कराव का मंग? त्यानं पाह्यलं नसंल का त्याच्या डोयानं?’ पुढे शिकल्यावर हर्षदीप ही गोष्ट जयंतीच्या भाषणात सांगायचा. लाचारीचं उदाहरण म्हणून. टाळ्या पडायच्या.

मॅडमच्या खोलीत एक झोका होता, मोठा निळा चेंडू होता, आणि एका परातीत राजमा ओतून ठेवला होता. मॅडम तरुण होत्या, डोळ्यांखाली प्रवास होता. बाहेर बाकावर गर्दी. त्यांनी अर्पिताकडे बघितलं, ती चटईवर बसली, घडी, बोट. ‘अरे वा,’ मॅडम म्हणाल्या. ‘बाकी बच्चे तो आते ही पर्दा खींचते.’ मग प्रश्न. अपने हाथ से खाती है? भाग्यश्रीनं तोंड उघडलं, पण शाळेत मोठ्या सायबाला उत्तर हेडमास्तर देतो. ‘जी मॅडम,’ हर्षदीप म्हणाला. बटन? ‘जी, लगाती है.’ आवाज़ से डरती है? ‘नहीं मॅडम. थोड़ा थोड़ा.’ प्रत्येक उत्तराबरोबर तो किंचित पुढे वाकत होता. भाग्यश्री त्याच्याकडे बघत होती. त्याला ते गालावर जाणवत होतं, उन्हासारखं. मॅडमनी परात पुढे सरकवली. ‘आओ बेटा, हाथ डालो.’

इथपर्यंत त्याला सगळं सरळ आठवत होतं. याच्या पुढचं त्याचं मन बसस्टँडपासून टाळत आलं होतं, जिभेनं दुखरा दात टाळावा तसं, आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जात होती. अर्पितानं परातीकडे बघितलं होतं. घरी सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून ती तासन्‌तास उभी राहायची. तिला असलं काही दिसलं की राहवत नसे. तिचं बोट ओठावरून निघालं. घडी सैल झाली. उजवा हात बाहेर आला आणि हवेत थरथरला, झटकण्याच्या बेतात. मॅडम वही बाजूला ठेवून पुढं वाकल्या. आता ती सगळं करणार होती, हात झटकणार, राजमा उधळणार, चवड्यांवर नाचणार. आता त्यांना सगळं दिसणार होतं. आणि हर्षदीपनं घसा खाकरला.

तेवढंच. ‘हं.’ मुद्दाम केलं असंही त्याला म्हणता येत नव्हतं. हात परत गेला. मॅडमनी अजून दोनदा परात हलवली, झोका हलवला. अर्पिता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ‘बहुत अच्छी बच्ची है आपकी,’ मॅडम म्हणाल्या. ‘घर पे करने का बता देती हूँ. मेरे पास जगह कम है, जिनको ज़्यादा ज़रूरत है उन्हीं को रेगुलर लेती हूँ. इसको एक साल बाद दिखाइए.’ तेव्हा ती पायरी चुकली. दार उघडून पुढचा मुलगा आत आला होता, आला म्हणजे त्याला आणला होता. तो आईच्या दंडाला चावत होता, त्या बाईच्या हातावर जुने-नवे व्रण होते, पोराची चड्डी ओली होती. हर्षदीपच्या मनात, शपथेवर सांगायचं तर, पहिला विचार आला तो हाच की हा नापास. मग त्यानं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. मॅडम उठून त्या पोराकडे निघाल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून. अजूनही वळून सांगता आलं असतं. मॅडम, ही खात नाही. मॅडम, मी खोटं बोललो. एवढी वाक्यं हिंदीत जुळवायला कितीसा वेळ लागतो. ‘थँक्यू मॅडम,’ तो म्हणाला, हात जोडून, कमरेत वाकून.

जिनिंगच्या फाटकासमोरच्या रांगेतून कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर मागं न बघता रस्त्यावर आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. सगळी गाडी पुढं गेली. हर्षदीपचे हात दांड्यावर गेले, भाग्यश्रीचे काचेवर, मागच्या म्हातारीचे पुढच्या सीटवर, कुणाच्या तरी पिशवीतल्या कोंबडीनंसुद्धा पंख पसरले. अर्पिताचे हात जिथं होते तिथंच राहिले. ती सरळ पुढं गेली आणि तोंडावर दांड्याला आपटली. आवाज अगदी लहान झाला, लाकडी फळ उंबऱ्यावर पडावं तेवढा.

भाग्यश्रीनं तिला मागं ओढलं. खालचा ओठ फाटला होता. रक्त बोटावरून मनगटाकडे चाललं होतं, कारण बोट पुन्हा ओठावर गेलं होतं. ती रडत नव्हती. मागचा एक धोतरवाला शेतकरी पुढं वाकून बघत होता.

‘काऊन हो सर,’ तो म्हणाला, ‘पोरीचे हात काऊन बांधले?’

‘बांधले नाई हो,’ हर्षदीप म्हणाला.

‘मंग?’

‘हात सोड,’ हर्षदीप अर्पिताला म्हणाला. ‘अर्पिता, सोड हात. झालं आता. खाली घे.’ त्यानं घडी उकलायला बघितली. ते बारके हात लाकडासारखे घट्ट झाले. गुळाचा खडा खिशात होता, त्यानं तो तिच्यापुढे धरला. गूळ बघून तिनं घडी आणखी नीट केली. तेव्हा त्याला कळलं की हात सोडायचा हुकूम त्यानं तिला शिकवलाच नव्हता. शाळेतही कुणाला शिकवला नव्हता. तसा हुकूमच नसतो. घंटा होते.

भाग्यश्री पदर रक्तावर दाबून बसली होती. गाडी पुन्हा चालू लागली होती. हर्षदीपनं एकदा मागं बघितलं. भरलेली गाडी, ओळखीचे दोन पालक, एक माजी विद्यार्थी. मग तो अर्पिताच्या कानाशी वाकला आणि हलकेच म्हणाला, ‘टण. टण.’

काही झालं नाही.

‘टण टण टण,’ तो जरा मोठ्यानं म्हणाला. मागं कुणी तरी फिसकन हसलं. कंडक्टरनं मान वर केली. ‘सार, स्टॉप इंका रालेदु,’ तो म्हणाला, स्टॉप अजून आला नाही, आणि मग सगळेच हसले. हर्षदीपचे कान तापले. अर्पिता समोरच्या दांड्याकडे बघत होती, फळ्याकडे बघावं तशी.

‘थांबले काऊन?’ भाग्यश्री म्हणाली. दवाखान्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. ‘मोठ्यानं वाजवा. तिले आयकू नसंल गेलं.’

त्यानं दांडा धरला, भर गाडीत उठून उभा राहिला, आणि टण टण करून ओरडायला लागला.